कॉलेज निवडण्याआधी एकदा तारखेला जाऊन ये

पत्र चोपडा तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारी अठरा वर्षांची, बारावी कला शाखा, मराठी माध्यम, 71 टक्के. पाच वर्षांच्या लॉची राज्याची सीईटी दिली आहे. घरी पाच एकर शेती, कापूस आणि थोडी केळी. प्रवर्ग ओबीसी, उत्पन्न नॉन-क्रीमी लेयरमध्ये बसणारं. वडील म्हणतात, जळगावला शीक, उज्ज्वल निकम तिथेच शिकले. पुण्याचे मामा म्हणतात, गावाकडच्या डिग्रीला कोणी विचारत नाही, एका खासगी विद्यापीठात कॉर्पोरेट लॉला टाका, वर्षाला तीन लाख जातील पण नोकरी पक्की. शाळेतले सर म्हणतात, आधी बीए कर, मग बघू. तिला स्वतःला सायबर लॉ घ्यावासा वाटतो, कारण गावातल्या एका काकूंचे मोबाइलवरून पैसे गेले आणि कोणालाच काही करता आलं नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, क्लॅट, दिलेली नाही, इंग्रजी कच्चं आहे. 'ताई, कोणतं कॉलेज आणि कोणती ब्रँच, एवढंच सांगा. चुकलं तर पाच वर्षं वाया जातील.'

तुझं पत्र चार पानी आहे. साडेतीन पानं कॉलेज आणि ब्रँचवर, आणि शेवटी जाता जाता एक ओळ: 'आजोबांचा बांधाचा दावा माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.' वीस वर्षं जळगावच्या कोर्टात काढलेल्या बाईला तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ हीच वाटली. तिच्याकडे शेवटी येते.

आधी 'ब्रँच'. हा शब्द तू इंजिनिअरिंगवाल्यांकडून उचलला आहेस. तिथे प्रवेशाच्या दिवशीच मेकॅनिकल की कॉम्प्युटर ते ठरतं आणि चार वर्षं त्याच गाडीत बसावं लागतं. लॉमध्ये तसं नाही. एलएलबीला करार, संविधान, फौजदारी कायदे, दिवाणी प्रक्रिया, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण, कौटुंबिक, कामगार, कंपनी, कर हे सगळ्यांनाच शिकावं लागतं. ऐच्छिक पेपर असतात ते मोजके. माहितीपत्रकात 'स्पेशलायझेशन इन कॉर्पोरेट लॉ' असं सोनेरी अक्षरात छापलेलं असलं तरी त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्या विषयाचे काही पेपर जास्तीचे आहेत. खरं विशेष शिक्षण एलएलएमला, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर पदवीला, सुरू होतं. आणि सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, ब्रँच लिहिलेली नसते. डॉक्टरांच्या पाटीवर हाडांचे, डोळ्यांचे असं असतं. आम्ही सगळे नुसते ॲडव्होकेट.

मग वकिलाची ओळख ठरते कशावरून? हातात आलेल्या फाइलींवरून. मला फौजदारी वकील व्हायचं होतं. खुनाचा खटला, उलटतपास, भरलेलं कोर्ट, असं सगळं डोक्यात. सीनियरने पहिल्या महिन्यात हातात ठेवली मोटार अपघात दाव्यांची चळत. आपला जुना सहा नंबरचा हायवे, आता 53, त्याने माझ्या ऑफिसला किती काम दिलं ते सांगायला लाज वाटते. एरंडोलकडची एक बाई आली होती, नवरा ट्रकवर ड्रायव्हर, वय 38. मी शिकल्याप्रमाणे विचारलं, पगाराचा पुरावा? ती म्हणाली, 'पगारनी चिठ्ठी नही शे ताई, पन हाई डायरी शे.' प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने एक तेलकट वही काढली. नवरा प्रत्येक फेरीचा भत्ता, डिझेल, टोल त्यात लिहून ठेवायचा. आम्ही ती वही निशाणी, म्हणजे पुराव्याचा कागद, म्हणून दाखल केली आणि तिच्यावरून महिन्याची कमाई उभी केली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वयानुसार गुणक ठरवून दिले आहेत, 36 ते 40 वयाला 15. कमाईतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा, वर्षाचा आकडा काढायचा आणि 15 ने गुणायचं, की भरपाईचा मुख्य आकडा उभा राहतो. त्या दिवशी मला कळलं की हे काम मला येतं आणि आवडतंही. प्रवेशाच्या फॉर्मवर हे मला कुणी विचारलं असतं तर मी 'क्रिमिनल' लिहून मोकळी झाले असते.

सायबरचंही तसंच. काकूंचे पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला हवा होता, हे गावात कोणाला माहीत नव्हतं, ही खरी अडचण. पुढचं कायद्याचं काम बघशील तर त्यात बँकेचे नियम आहेत, फौजदारी तक्रार आहे, जमलं तर ग्राहक आयोग आहे, आणि सगळ्यात चिवट भाग पुराव्याचा: मोबाइलमधला मेसेज कोर्टात वाचला जावा म्हणून 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम 63 चं प्रमाणपत्र नीट जोडणं. म्हणजे चांगला सायबर वकील हा आधी पुराव्याचा पक्का वकील असतो. तेव्हा सायबर आवडतो ना, मग पुराव्याचा पेपर मन लावून कर.

आता मामा. मामांचं सगळं चूक नाही. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्या बहुतेक भरती राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आणि मोजक्या जुन्या नावाजलेल्या कॉलेजांतून करतात. महाराष्ट्रात अशी विद्यापीठं तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तिथे क्लॅटवरून जातात, ती तू दिली नाहीस. पण मामा ज्या विद्यापीठाचं म्हणतायत ते यातलं नाही. 'नोकरी पक्की' म्हणणाऱ्याला दोनच गोष्टी विचार: गेल्या वर्षी पास झालेल्या किती मुलांना, कुठे आणि किती पगारावर काम लागलं, ते लेखी द्या, आणि त्यातल्या दोघांचे फोन नंबर द्या. थकीत कर्जाच्या नोटिसा छापणाऱ्या ऑफिसात बारा हजारांवर बसवलं की त्यालाही 'प्लेसमेंट' म्हणतात, म्हणून सांगते.

पैशांचा हिशोब तर त्याहून सरळ आहे. वर्षाला तीन, पाच वर्षांचे पंधरा लाख, वर राहणं-जेवण. पाच एकरवाल्या घरात हे कर्जच. आणि वकिलीत पहिली दोन-तीन वर्षं हातात फारसं येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार महिना द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच. मला पहिल्या सीनियरने वर्षभर चहा पाजला आणि फायली वाहायला लावल्या, बसचं भाडं मी आईकडून घेत होते. ते मला झेपलं, कारण डोक्यावर हप्ता नव्हता. हप्ता असता तर मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागली असती. ब्रँच तू ठरवशील की बँक, हा या पंधरा लाखांतला खरा प्रश्न आहे.

तुझ्या घरात हे कोणीच बोललेलं दिसत नाही: राज्य शासनाच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत. म्हणजे मामांच्या विद्यापीठात तू पंधरा लाख भरशील आणि कॅपमधून गेलीस तर शिकवणी आणि परीक्षेची फी शून्य. हा कागद मामांना दाखव. भांडू नकोस, नुसता दाखव.

वडिलांच्या म्हणण्यात मला गंमत वाटली. निकमसाहेब जळगावच्या मणियार लॉ कॉलेजातूनच वकील झाले हे खरं. पण त्यांना घडवलं ते जळगावच्या कोर्टात सरकारी वकील म्हणून चालवलेल्या खटल्यांनी. 1993 च्या बॉम्बस्फोटांचा खटला त्यानंतरचा. याच मातीतल्या प्रतिभाताई पाटील उलट्या वाटेने गेल्या. लॉ केलं मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात आणि वकिली सुरू केली जळगावात. एक इथे शिकून मुंबई गाजवायला गेले, दुसऱ्या मुंबईत शिकून इथे आल्या. त्यामुळे 'अमका तिथे शिकला' या वाक्यावर कॉलेज निवडू नकोस, मग तो अमका कितीही मोठा असो.

कॉलेज बघायचं तर एखाद्या मंगळवारी साडेअकराला, न सांगता जा. वर्ग भरलेत का बघ. काही ठिकाणी मुलं फॉर्म भरायला आणि पेपर द्यायला तेवढी येतात, बाकी वर्षभर कबुतरं. बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचार, कोणत्या सरांच्या नोट्स जास्त जातात; सगळी मुलं एकच गाइड छापून नेत असतील तर तिथे काय शिकवतात ते कळलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचार, इंटर्नशिप कुठे केली. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप बार कौन्सिलच्या नियमात आहे. 'सर्टिफिकेट मिळतं हो' असं हसून उत्तर आलं तर समजून घे. मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, खरंच होतं का, विधी सेवा केंद्र गावात जातं का, परीक्षेला मराठीतून उत्तरं लिहिता येतात का, हेही विचार. आणि त्या कॉलेजची बार कौन्सिलची मान्यता चालू आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. 'प्रस्ताव पाठवलाय' हे उत्तर चालत नाही.

माझं मत हवं असेल तर कॅपच्या पसंतीक्रमात वर मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आणि पुण्याचं आयएलएस टाक. दोन्ही जुनी, गव्हर्नमेंट तर 1855 चं. कट-ऑफ चढा असतो. लागलं तर जा. त्याखाली मी छत्रपती संभाजीनगरचं एखादं चांगलं कॉलेज टाकेन, मग जळगाव. संभाजीनगरचं नाव घेतल्यावर आपल्याकडची माणसं नाक मुरडतात, पुणे नाही तर मग घरच बरं म्हणतात. पण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची अपिलं मुंबईला जात नाहीत, संभाजीनगरच्या खंडपीठात जातात. अजिंठ्याचा घाट चढून गेलीस की आपल्याच तालुक्यातली प्रकरणं हायकोर्टात कशी चालतात ते कॉलेजात असतानाच बघता येईल. जळगाव लागलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. घरापासून जवळ, खर्च कमी, आणि जिल्हा न्यायालय शहरातच.

सरांचं 'आधी बीए' यालाही एक बाजू आहे. पाच वर्षांच्या कोर्समधून मध्येच बाहेर पडलं तर पदवी म्हणून हातात काही येत नाही; बीए झालेलं असलं तर निदान ती एक पदवी. ज्याचं मन पक्कं नाही त्याने तसंच करावं. पण तू मुलगी आहेस आणि आपण खान्देशात आहोत. तीन वर्षांनी बीएचा निकाल लागतो त्याच महिन्यात घरात स्थळांचं बोलणं सुरू होतं, आणि 'पुढचं सासरी शिक' या वाक्यावर किती सीईटी बुडाल्या ते मी पाहिलंय. पाच वर्षांचा एकच प्रवेश ही त्यातल्या त्यात भक्कम भिंत आहे. शिवाय एक वर्ष वाचतं. शहाद्याहून एका नोकरदार वाचकाने विचारलंय की चौतिसाव्या वर्षी लॉ चालेल का. चालेल, पदवी असली तर तीन वर्षांचा कोर्स आहे, वयाची आडकाठी नाही. फक्त पत्राद्वारे किंवा ऑनलाइन घेतलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. जाहिरातीला भुलू नका.

क्लॅट गेली म्हणून तू अर्धं पान रडली आहेस. एलएलबीनंतर एलएलएमसाठी तीच दारं पुन्हा उघडतात, आणि तोवर कोणता विषय हवा ते तुला पुस्तकातून नाही, कामातून कळलेलं असेल.

इंग्रजीबद्दल खोटा धीर देत नाही. तालुका आणि जिल्हा कोर्टात कामकाज बरंचसं मराठीत चालतं, साक्षीपुरावे मराठीतच. अशिलाशी अहिराणीत बोलता येणं हे तर तुझं भांडवल आहे. पुण्याहून आलेल्या गोऱ्या-गोमट्या वकिलाला 'पुढली तारीख कवय शे?' एवढंही कळत नाही. पण हायकोर्टाची भाषा इंग्रजी आहे, आणि निकालपत्रं वाचल्याशिवाय वकील होता येत नाही. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवडक निकालांचे मराठी अनुवाद आहेत. एक निकाल घे, इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेव, रोज दोन पानं. पहिला महिना डोकं दुखेल. तिसऱ्या महिन्यात अनुवादातली चूक तुला सापडली तर मला कळव.

न्यायाधीश व्हायचं असंही तू कंसात लिहिलं आहेस. त्यासाठी एक बदल लक्षात ठेव. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीचा अनुभव सक्तीचा केला. म्हणजे कॉलेज संपलं की लगेच क्लास लावून परीक्षा, तो रस्ता बंद. तेवीसला पदवी, तीन वर्षं कोर्टात, सव्विसाव्या वर्षी परीक्षा. म्हणजे सीनियर कोण मिळतो ते कॉलेजइतकंच महत्त्वाचं झालं. सनदेच्या खर्चाची धास्ती घेऊ नकोस: सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानंतर नोंदणीसाठी खुल्या आणि ओबीसी गटाला 750 रुपयांहून जास्त मागता येत नाहीत. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा; नियमित अभ्यास केलेल्याला ती जड नाही.

तुझ्या सगळ्या पत्राखाली एक गृहीत मला दिसलं, ते लिहिते आणि रागावू नकोस. शिकून गावाकडे परत येणं म्हणजे हरणं, असं तुला वाटतं. इथे काम काय आहे ते तू पाहिलेलंच नाहीस. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचे विम्याचे दावे हवामान केंद्राच्या नोंदींवर अडतात. एका शेतकऱ्याचं महसूल मंडळ बँकेने फॉर्मवर चुकीचं टाकलं होतं, पारा चढला तो त्याच्या खऱ्या मंडळात, फॉर्मवरच्या नाही, आणि याच्या नावापुढे शून्य. ग्राहक आयोगात दीड वर्ष गेलं, पण पैसे आले. वर सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे आहेत, आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची प्रकरणं आहेत. तिथे कागद वाचून समजावून सांगणारा वकील मिळणं मुश्किल. बहिणींचे वाटणीचे दावे तर प्रत्येक तालुक्यात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतका हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने बाप तेव्हा हयात होता की नव्हता हा वादही मिटवला, तरी हक्कसोड पत्रावर सह्या घेणं चालूच आहे. त्या बायकांना बाई वकील हवी असते, आणि फीबद्दल त्या पुरुषांपेक्षा चोख असतात. तू मुंबईला जाऊन कंपन्यांचे करार लिहिलेस तर मला आनंदच आहे. फक्त इथलं काम कमी प्रतीचं म्हणून जाऊ नकोस.

आणि आता तो बांध. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण तुला तर तिथेच आयुष्य काढायचंय. आजोबांच्या ट्रंकेतली फाइल काढ. त्यात दाव्याचा क्रमांक सापडेल, तो ई-कोर्टच्या संकेतस्थळावर टाक. तिथे नोंदवलेल्या तारखा आणि त्या दिवशी काय झालं ते फुकट दिसेल. त्यावरून वहीत तीन रकाने कर: तारीख, काय व्हायचं होतं, काय झालं. किती तारखा वकील गैरहजर म्हणून गेल्या, किती मोजणी अधिकाऱ्याचा नकाशा आला नाही म्हणून, किती समोरच्याचे वारस दाखल करायचे राहिले म्हणून, ते लिही. मग पुढच्या तारखेला आजोबांबरोबर चोपड्याच्या कोर्टात जा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर बस, फोन बंद ठेव. पुकारा होईल, तुमचं प्रकरण दोन मिनिटांत पुढे ढकललं जाईल. तू उठू नकोस. संध्याकाळपर्यंत बस, बाकीची सगळी प्रकरणं ऐक. घरी आल्यावर तुला कंटाळा आला असेल की राग आला असेल, ते मला लिहून पाठव. राग आला असेल तर दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयरचा अर्ज टाक. निकाल लागल्यावर तिथे रांग गेटबाहेर जाते, आणि त्या एका दाखल्यावाचून फीमाफी हातची जाते.